काशी दक्षिणचे दादा

आमदार नेमकं काय करतो? काशीतल्या एका मुलींच्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवत असे, आणि पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत दिलेलं होतं: कायदे करतो, अंदाजपत्रक मंजूर करतो, सरकारला जाब विचारतो. वर्गातल्या मुलींना ते पटत नसे. बहुतेक जणी पक्क्या महालातल्या, म्हणजे घाटांच्या वरच्या अंगाला दगडी घरांची जी दाट वस्ती आहे तिथल्या. त्यांच्या घरी आमदाराचं नाव निघे ते नळाला पाणी नाही, ट्रान्सफॉर्मर जळाला, गल्लीत गटार तुंबलं अशा वेळी. आणि कित्येक वर्षं ते नाव एकच होतं. दादा.

दादा म्हणजे श्यामदेव राय चौधरी. काशीतले बंगाली गृहस्थ, भारतीय जनता पक्षाचे. वाराणसी दक्षिण मतदारसंघातून ते १९८९, १९९१, १९९३, १९९६, २००२, २००७ आणि २०१२ अशा सात निवडणुका ओळीने जिंकले. पहिल्यांदा लखनौच्या विधानसभेत गेले तेव्हा पन्नाशीच्या घरात होते, शेवटची मुदत संपली तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ते गेले. त्या दिवशी पंतप्रधानांनी वाहिलेल्या श्रद्धांजलीतही, आम्ही सगळे त्यांना स्नेहाने दादा म्हणत असू, असा उल्लेख होता.

महाराष्ट्रातल्या वाचकांना त्यांचं नाव फारसं माहीत नसेल. पण काशीतली मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या ज्या गल्ल्यांत राहतात, त्याच गल्ल्या त्यांच्या मतदारसंघात होत्या. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा. ब्रह्माघाटावरचा आंग्र्यांचा वाडा, जिथे काशीचा जुना गणेशोत्सव होतो. रामघाटावरचं सांगवेद विद्यालय. याच मतदारसंघात अहिल्याबाईंनी उभं केलेलं विश्वनाथाचं मंदिर, कालभैरव, चौक, गोदौलिया, दशाश्वमेध. आणि याच मतदारसंघात मदनपुऱ्यातले विणकर, दालमंडीतले मुसलमान दुकानदार, बंगालीटोल्यातले बंगाली, गुजराती, तेलुगू, नेपाळी. देशाच्या निम्म्या भाषा दहा मिनिटांच्या पायी अंतरात कानावर पडतात. अशा ठिकाणी एका माणसाने सात वेळा निवडून येणं हे केवळ पक्षाच्या लाटेवर होत नाही, असं माझं मत आहे. लाट एकदा येते, फार तर दोनदा. त्या काळात उत्तर प्रदेशात भाजप वर चढला, पडला, तिसऱ्या क्रमांकावर गेला. दक्षिणची जागा मात्र ढळली नाही.

त्याआधीही ही जागा साधी नव्हती. १९५२ आणि १९५७ मध्ये इथून डॉ. संपूर्णानंद निवडून आले होते. १९५४ ते १९६० ते राज्याचे मुख्यमंत्री होते. म्हणजे या गल्ल्यांनी मुख्यमंत्रीही पाहिला. तरी पक्क्या महालातले म्हातारे लोक जो आमदार ओट्यावर बसून आठवतात तो मुख्यमंत्री नाही, दादा आहेत.

याचं कारण पाण्यात आहे. काशीचं नळाचं पाणी १८९२ सालापासून गंगेतून उचललं जातं. भदैनीला नदीकाठी पंप आहेत, तिथून पाणी भेलूपूरच्या जलकलात जातं, स्वच्छ होतं आणि मग शहरात सुटतं. पक्का महाल आहे नदीकाठच्या उंचवट्यावर. घरं तीन-चार मजली, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून बैल आला तर माणसाने पायरीवर चढावं. जमिनीखाली इंग्रजांच्या काळातले नळ आणि त्यांच्याही आधीची विटांची गटारं एकमेकांना खेटून. नळाला दाब नसतो, म्हणून जो तो टुल्लू पंप लावून पाणी ओढतो. एकाने टुल्लू लावला की शेजारचा नळ कोरडा. मग शेजारीही लावतो. आणि ओढलेल्या नळात जिथे भेग असेल तिथून बाजूच्या गटाराचं पाणी आत शिरतं. माझ्या सासूबाई पहाटे चारला उठून पहिली बादली ओतून देत आणि दुसरी नाकाशी नेऊन मगच भरत. वीज गेली की टुल्लूही बंद, म्हणजे पाणीही बंद. आमच्याकडे दोन्ही तक्रारी एकाच तोंडाने केल्या जातात.

आता कायद्याने पाहिलं तर यातलं काहीही आमदाराचं काम नाही. पाणी आणि गटार नगर निगमचं. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १९९३ पासून, शहराची ही जबाबदारी नगरपालिकांची असावी अशी दिशाच ठरून गेली. वीज राज्य वीज मंडळाची होती. जानेवारी २००० मध्ये मंडळाचे तुकडे झाले आणि पुढे आमच्या भागासाठी पूर्वांचल विद्युत वितरण निगम झालं. त्याचं मुख्यालय काशीतच आहे. या दोन्ही ठिकाणी आमदाराला हुकूम सोडता येत नाही. त्याच्या हातात विधानसभेतला प्रश्न असतो, थोडा निधी असतो, अधिकाऱ्याला लावलेला फोन असतो. आणि यातलं काहीच चाललं नाही तर रस्त्यावर बसणं असतं.

दादांची ओळख या शेवटच्या गोष्टीने झाली. वीज आणि पाण्यासाठी धरणं धरणारा, उपोषणाला बसणारा आमदार. जून २०१४ मधलं त्यांचं उपोषण सगळ्या काशीला आठवतं. त्या उन्हाळ्यात पारा चढलेला, वीज तासन् तास गायब. महिन्याभरापूर्वीच नरेंद्र मोदी काशीचे खासदार म्हणून निवडून आले होते आणि पंतप्रधान झाले होते. लखनौत अखिलेश यादव यांचं समाजवादी पक्षाचं सरकार होतं. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस विजेसाठी अन्न सोडून बसला. त्यांचा पक्ष दिल्लीत पूर्ण बहुमताने सत्तेवर होता आणि काशीतल्या दिव्यासाठी त्यांना स्वतःचं पोट कोरडं ठेवावं लागत होतं. वीज निगम राज्याचं, आणि राज्यात ते विरोधी बाकावर.

दादांची कारकीर्द समजून घ्यायची तर मला हीच बाजू सर्वांत महत्त्वाची वाटते. १९८९ ते २०१७ या काळात भाजप उत्तर प्रदेशात किती काळ सत्तेत होता? जून १९९१ ते डिसेंबर १९९२ कल्याण सिंह. मार्च १९९७ ते मार्च २००२ आधी मायावतींबरोबर सहा-सहा महिन्यांच्या वाटणीत, मग कल्याण सिंह, रामप्रकाश गुप्त, राजनाथ सिंह. २००२-०३ मध्ये पुन्हा मायावतींबरोबर सव्वा वर्षभर. सगळी बेरीज आठ वर्षांपर्यंतही पोहोचत नाही. उरलेला काळ मुलायम सिंह, मायावती, अखिलेश यादव यांचा, आणि मध्ये राष्ट्रपती राजवट. म्हणजे दादांच्या मतदारांनी बहुतेक वेळा अशा माणसाला निवडलं ज्याच्याकडे सरकार नव्हतं. सत्तेतल्या आमदाराकडून रस्ता मिळतो, विरोधातल्याकडून आवाज मिळतो, हे पक्क्या महालाला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही मत पडत राहिलं.

आणि लखनौचं ते सभागृह त्या वर्षांत काय होतं ते सांगायलाच हवं. इमारत देखणी आहे. १९२८ मध्ये तिचं उद्घाटन झालं, दगड आमच्या शेजारच्या मिर्झापूरचा, फिकट तपकिरी वालुकाश्म. महाराष्ट्रातल्या वाचकांना अभिमान वाटावा अशीही गोष्ट त्या इमारतीत घडून गेली आहे: झाशीचे आत्माराम गोविंद खेर १९५२ ते १९६२ आणि पुन्हा १९६९ ते १९७४ तिथे विधानसभेचे अध्यक्ष होते, आणि झाशीचेच रघुनाथ विनायक धुळेकर १९५८ पासून विधान परिषदेचे सभापती. काही वर्षं दोन्ही सभागृहांच्या खुर्च्यांवर झाशीची मराठी माणसं बसलेली होती. दादा पोहोचले तेव्हा ते दिवस सरले होते. सभागृहात ४२५ आमदार. नोव्हेंबर २००० मध्ये उत्तराखंड वेगळं झालं तेव्हा ४०३ उरले. दादांनी ४२५ जणांचं सभागृहही पाहिलं आणि ४०३ जणांचंही. ते ज्या दहाव्या विधानसभेत पहिल्यांदा गेले ती दीड वर्षात विसर्जित झाली. अकरावी ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येतल्या घटनेनंतर गेली. बारावीही पूर्ण पाच वर्षं टिकली नाही. सात वर्षांत चार निवडणुका! पाच वर्षांसाठी निवडून दिलेला आमदार मुदत संपायच्या आत परत दारात उभा, असं आमच्या गल्लीने पुन्हा पुन्हा पाहिलं.

तेराव्या विधानसभेत तर निवडणूक ऑक्टोबर १९९६ ला झाली आणि सरकार बनायला मार्च १९९७ उजाडला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला विश्वासमताच्या वेळी सभागृहात माईक उखडून फेकले गेले, आमदार रक्तबंबाळ झाले. ती दृश्यं सगळ्या देशाने दूरदर्शनवर पाहिली. मुलींना मी लोकशाही शिकवत होते आणि त्या मला त्या माइकबद्दल विचारत होत्या. फेब्रुवारी १९९८ मध्ये राज्यपालांनी एका रात्रीत कल्याण सिंहांना हटवून जगदंबिका पाल यांना शपथ दिली. सर्वोच्च न्यायालयाने कॅमेऱ्यांसमोर दोघांचं बळ एकाच वेळी मोजायला सांगितलं. २६ फेब्रुवारीला कल्याण सिंहांना २२५ मतं पडली, पाल यांना १९६. दादा या साऱ्या काळात तेथील सदस्य होते. पक्ष फुटत होते, एका रात्रीत मंत्री होत होते. काही सरकारांत मंत्र्यांची संख्या नव्वदीच्या पुढे गेली. अशा सभागृहात सत्तावीस वर्षं एका पक्षात, एका मतदारसंघात राहिलेल्या माणसाचं वजन मी मंत्रिपदावरून करणार नाही.

काशीत तर त्या काळात काय काय होऊन गेलं. नोव्हेंबर १९९१ ची दंगल आणि लांबलेली संचारबंदी, जेव्हा मदनपुऱ्यातले माग बंद पडले. मार्च २००६ चे स्फोट. ७ डिसेंबर २०१० ला शीतला घाटावर, आरती चालू असताना झालेला स्फोट, दादांच्याच मतदारसंघात. अशा वेळी गल्लीला पोलीस अधिकाऱ्याचं नाव माहीत नसतं, जिल्हाधिकारी दर दोन वर्षांनी बदलतो. माणूस ओळखीच्या दाराकडे जातो. दीर्घकाळ टिकलेल्या आमदाराचा खरा उपयोग इथे कळतो, आणि तो कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही: बदलणाऱ्या सगळ्या अधिकाऱ्यांमध्ये एक न बदलणारा पत्ता.

महाराष्ट्रातल्या वाचकांच्या मनात इथवर सांगोल्याचं नाव आलं असेलच. गणपतराव देशमुख, आबासाहेब. शेतकरी कामगार पक्षाचे, १९६२ पासून अकरा वेळा निवडून आले, १९७२ आणि १९९५ मध्ये हरले, तरी एकूण कारकीर्द अर्धशतकाहून मोठी. २०१९ मध्ये स्वतः उभे राहिले नाहीत आणि ३० जुलै २०२१ ला गेले. त्यांचाही विषय पाणीच. दुष्काळी तालुक्यांसाठी १९९३ पासून आटपाडीला भरत आलेल्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने ते उभे राहिले. त्यांनीही बहुतेक आयुष्य विरोधी बाकांवर काढलं. १९७८ आणि १९९९ मध्ये काही काळ मंत्री होते तेवढंच. विचाराने दोघे दोन टोकांना. एक लाल बावट्याचा, दुसरा भगव्याचा. पण सांगोल्याचा शेतकरी आणि दुर्गाघाटाची बाई मत देताना एकाच गोष्टीकडे बघत होते: हा माणूस पाण्याचं नाव काढतो की नाही, आणि काढल्यावर मागे हटतो की नाही.

फरक मात्र मोठा आहे आणि तो मला बोचतो. गणपतरावांच्या मागे एक योजना होती, कालवे होते, सूतगिरणी होती, म्हणजे मोजता येईल असं काही उभं राहिलं. दादांच्या मागे काय उभं राहिलं? जुन्या शहरात आज विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या आहेत. माझ्या लग्नानंतरची कितीतरी वर्षं या तारा सज्ज्यांवरून लोंबत होत्या आणि माकडं त्यांना धरून झोके घेत. हे काम झालं ते केंद्राच्या आयपीडीएस योजनेतून; तिचा शुभारंभ पंतप्रधानांनी १८ सप्टेंबर २०१५ ला काशीतच केला. दिल्लीचा पैसा आला तेव्हा ते झालं, धरण्याने झालं नाही, असं कोणी म्हणेल. मी त्या माणसाशी थोडं भांडेन. वीज हा काशीचा पहिला प्रश्न आहे हे दिल्लीला ऐकू यावं इतक्या मोठ्याने वर्षानुवर्षं कोण बोलत होतं? पण पाण्याचं भांडण मी जिंकू शकत नाही. टुल्लू अजून चालू आहेत. सात वेळा निवडून दिलेल्या आमदाराच्या मतदारसंघात पहिली बादली अजून ओतावी लागते, आणि हे दादांवरच्या प्रेमापोटी झाकून ठेवणं मला जमणार नाही. आमदाराला नळ मागावा लागतो, कारण ज्याने नळ द्यायचा त्या नगर निगमकडे पुरेसा पैसा, अधिकार आणि माणसं नाहीत. दादांच्या उपोषणाची जी आम्ही वाहवा केली, तितकीच चीड आम्हाला नगर निगमच्या दुबळेपणाची यायला हवी होती. ती आम्हाला आली नाही. आम्ही आमदाराचा दरवाजा वाजवत राहिलो आणि पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीत निम्मे लोक घरी बसून राहिलो.

२०१७ ची गोष्ट सांगताना अजून काशीतले लोक आवाज चढवतात. पक्षाने दादांना तिकीट दिलं नाही, नीलकंठ तिवारी यांना दिलं. जुने कार्यकर्ते दुखावले, गल्ल्यांत बोलणी झाली. दक्षिणची जागा धोक्यात आहे असं वर्तमानपत्रं छापू लागली. समोर काँग्रेसचे राजेश मिश्र होते, काशीचे माजी खासदार. मैदागिनच्या पराडकर स्मृती भवनाजवळच्या चहाच्या टपऱ्यांवर तेव्हा दुसरा विषय नव्हता. (ते भवन बाबूराव विष्णू पराडकरांच्या नावाचं, काशीच्या 'आज' दैनिकाचे हे मराठी संपादक. त्यांच्या नावाच्या छपराखाली आजही शहरातले पत्रकार जमतात.) मतदानाला थोडे दिवस उरले असताना पंतप्रधान मार्चच्या पहिल्या आठवड्यात काशीत आले, आणि विश्वनाथाच्या मंदिरात जाताना त्यांनी दादांचा हात धरून त्यांना सोबत आत नेलं. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी घरोघरी होतं. दक्षिणची जागा पक्षाने राखली. तिवारी जिंकले आणि पुढे मंत्री झाले. राज्यात भाजपला ४०३ पैकी ३१२ जागा मिळाल्या. ज्या माणसाने बहुतेक कारकीर्द विरोधी बाकावर काढली, त्याच्या पक्षाला इतकं बहुमत मिळालं तेव्हा तो सभागृहात नव्हता.

पक्षाला नवी माणसं पुढे आणायची असतात, हे मी समजू शकते. अठ्ठ्याहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने थांबावं, यातही गैर नाही. पण निरोप देण्याची एक रीत असते. सात वेळा निवडून आलेल्या माणसाला तो निर्णय उमेदवारांच्या यादीतून कळावा, हे मला त्या वेळी रुचलं नाही आणि आजही रुचत नाही.

त्यांच्या जाण्यानंतर काशीत शोकसभा झाल्या, भाषणं झाली. सगळ्यांत धरण्यांच्या आठवणी होत्या. त्यांच्या विधानसभेतल्या कामाबद्दल मी फारसं कोणाला बोलताना ऐकलं नाही. खरं तर आमदाराचं लेखी आयुष्य तिथेच असतं. उत्तर प्रदेशच्या विधानसभेतही तारांकित प्रश्नाला मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर येतं. तातडीच्या लोकहिताच्या विषयांसाठी नियम ५१ आणि नियम ३०१ खाली सूचना देता येतात, महाराष्ट्रातल्या लक्षवेधीशी नातं सांगणाऱ्या. मंत्र्याने सभागृहात दिलेलं उत्तर कार्यवाहीत छापलं जातं, आणि त्याने एकदा आश्वासन दिलं की ते आश्वासन समितीकडे जातं, पुढे त्याचा माग काढता येतो. भदैनीच्या पंपांबद्दल, पक्क्या महालातल्या नळांबद्दल, विणकरांच्या विजेच्या दराबद्दल त्या सात विधानसभांत कोणी काय विचारलं आणि कुठल्या सरकारने काय उत्तर दिलं, हे लखनौच्या विधानभवनाच्या ग्रंथालयात वर्षवार बांधून ठेवलेलं आहे.

माझ्या काही जुन्या विद्यार्थिनी आता लखनौला नोकरी करतात. एक वकील आहे, एक सचिवालयात. त्यांना मी या कामाला लावलं आहे. वाराणसी दक्षिणच्या आमदाराच्या नावापुढचे सगळे प्रश्न काढायचे, त्यांची उत्तरं काढायची आणि प्रत्येक उत्तरापुढे आज त्या नळाची, त्या गटाराची काय स्थिती आहे ते लिहायचं. स्थिती पाहायचं काम आमच्या गल्लीतल्या मुलींचं. पाणी आणि विजेचे प्रश्न आधी, बाकीचे नंतर, असं आम्ही ठरवलं आहे. सुरुवात १९९१ च्या खंडांपासून, कारण तेव्हा सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं, आणि स्वतःच्या सरकारला आमदार काय विचारतो हे मला आधी वाचायचं आहे.